पत्त्याची तारीख

गेल्या महिन्यात सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या इमारतीकडे गेले होते. ‘इमारत’ म्हणायचे ते केवळ सवयीने. सध्या तिथे पत्र्याचे कुंपण, एक खोल खड्डा आणि त्यातून वर आलेल्या लोखंडी सळ्या एवढेच आहे. इमारत पुनर्विकासाला दिल्यापासून सव्वादोन वर्षे आम्ही कर्वेनगरमध्ये भाड्याने राहतो. कुंपणापाशी बसलेल्या रखवालदाराने मला ओळखले, आपल्या खोपटातून सिमेंटची एक रिकामी गोणी ओढून काढली आणि म्हणाला, “ताई, तुमच्या बिल्डिंगचं टपाल. पोस्टमन देऊन जातो, मला फेकवत नाही.” आठ बिऱ्हाडांच्या त्या टपालातून आमच्या घरचे तेवढे वेगळे काढून मी पिशवीत भरले, घरी आणले आणि जेवणाच्या टेबलावर पसरले.

दुसऱ्या कोणी ते चाळून रद्दीत टाकले असते. मी तीस वर्षे पुण्यातल्या एका लहानशा प्रकाशन संस्थेत ग्राहकांच्या आणि वर्गणीदारांच्या पत्त्यांची यादी सांभाळण्याचे काम केले असल्यामुळे माझे हात आपोआप वर्गवारी करू लागले. पाठवणाऱ्याला आपल्याविषयी काय माहीत आहे, आणि ते कोणत्या सालापासून माहीत आहे, हे पाकिटावरून नेमके कळते. सासूबाईंच्या नावाने श्रवणयंत्रांच्या शिबिराचे आमंत्रण होते. त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली. यजमानांच्या नावाने एकाच कंपनीची तीन पाकिटे होती आणि तिन्हींवर आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग वेगळे होते. मुलीच्या नावाने बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षांच्या क्लासचे पत्रक होते. ती आता चौतीस वर्षांची आहे. एक पाकीट आमच्याच संस्थेचे होते, त्याकडे शेवटी येते. आणि एक पाकीट अशा बाईंच्या नावाने होते, ज्या कधी जन्मालाच आल्या नाहीत. त्यांच्याविषयीही सांगावे लागेल, कारण त्यांना या जगात आणण्याची जबाबदारी माझी आहे.

मी १९९१ मध्ये नोकरीला लागले तेव्हा यादी म्हणजे लाकडी खणांचे एक उंच कपाट होते. प्रत्येक खणात जाड कागदाची कार्डे, प्रत्येक कार्डावर एक माणूस. संस्था एक मासिक काढत असे आणि वर्षातून दोनदा प्रकाशनपूर्व सवलत योजना जाहीर करत असे. म्हणजे पुस्तक छापून होण्याआधीच घरोघर पत्रक जायचे, लोक मनीऑर्डरने निम्मे-अधिक पैसे पाठवायचे आणि त्या पैशांवरच कागदाची खरेदी व्हायची. दुकानदार, वितरक, प्रदर्शन हे सगळे नंतरचे. वाचकाच्या घरापर्यंत थेट पोहोचणाऱ्या या व्यवहाराला पुढे ‘डायरेक्ट मार्केटिंग’ हे नाव आल्याचे मला बऱ्याच वर्षांनी कळले. आमच्याकडे त्याला ‘योजना टाकणे’ असे म्हणत. एड मेयर या अमेरिकी जाहिराततज्ज्ञाच्या नावावर या धंद्याचे एक प्रसिद्ध सूत्र आहे: यशाचा चाळीस टक्के भाग यादीचा, चाळीस टक्के देऊ केलेल्या सवलतीचा आणि उरलेला वीस टक्केच मजकूर-मांडणीचा. आमच्या मालकांनी हे सूत्र ऐकले असण्याची शक्यता नव्हती, परंतु पत्रकाच्या मजकुरावर ते अर्धा तास घालवत आणि यादीवर सहा महिने.

माझ्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक कार्ड माझ्यासमोर धरून विचारले, “हा पत्ता बरोबर आहे का?” मी रजिस्टरशी ताडून पाहिले आणि “हो” म्हणाले. त्यावर ते म्हणाले, “कधी बरोबर होता, ते सांगा.” कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात ‘तपासले’ असा एक छोटा रकाना होता आणि त्यात पेन्सिलने महिना व वर्ष लिहायचे असे. मनीऑर्डरच्या कुपनावर माणसाने स्वतःच्या हाताने पत्ता लिहून पाठवला, की रकान्यातली तारीख बदलायची. व्ही.पी., म्हणजे पोस्टमनला पैसे देऊन घ्यायचे टपाल, सोडवून घेतली गेली, तरी बदलायची. नुसते पत्रक पाठवले आणि ते परत आले नाही, तर मात्र बदलायची नाही; कारण परत न येणे म्हणजे पोहोचणे नव्हे. तो रकाना पेन्सिलने का भरायचा, हे मी विचारले नाही, पण लवकरच समजले. शाईने लिहिलेली तारीख खोडून नवी घालायला माणूस कंटाळतो आणि जुनीच खरी मानू लागतो.

यादी शिळी होण्याला पुण्यात कारणांची कमतरता कधीच नव्हती. आमच्याकडे १९५८ पासूनची रजिस्टरे होती आणि त्यांतल्या एका रजिस्टरात नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी पत्ते निळ्या पेन्सिलीने ओळीने काटलेले होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यानंतरच्या महिन्यांतल्या त्या खुणा होत्या. शनिवार आणि नारायण पेठेतली माणसे गोखलेनगरसारख्या नव्या वसाहतींत गेली. त्यांतल्या काहींच्या नावापुढे नवा पत्ता लिहिलेला होता, काहींच्या पुढे नुसते प्रश्नचिन्ह. त्या वेळी यादी सांभाळणारे गृहस्थ सायकलवर फिरून वर्गणीदार शोधत असत, असे सांगत. त्यापुढच्या पिढीत वाडे पडले आणि अपार्टमेंट झाली. ‘अमुकांचा वाडा, दुसरा चौक, जिन्याखाली’ हा पत्ता ‘फ्लॅट नंबर पाच’ होतो तेव्हा माणूस हललेला नसतो, तरी पत्ता हललेला असतो. आता ती अपार्टमेंटही पाडून बारा मजली इमारती उठत आहेत आणि मधली तीन-चार वर्षे लोक भाड्याच्या घरात, अर्ध्या पत्त्याने राहतात.

त्यातून पुणेकर पत्ता सांगतो तो खुणेने. जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा हे देव तरी जागेवर आहेत. पण ‘नळ स्टॉप’वर नळ शोधणाऱ्या परगावच्या माणसाची गत काय होत असेल? खूण नाहीशी झाली तरी पत्त्यात ती टिकून राहते आणि पोस्टमनला ती समजतेही. अडचण येते ती कुरियरच्या नव्या मुलाला, आणि त्याहून अधिक संगणकाला, कारण एकाच घराचा पत्ता एकाने ‘पत्र्या मारुतीजवळ’ आणि दुसऱ्याने ‘लक्ष्मी रस्त्यामागे’ असा लिहिला, की संगणकाच्या दृष्टीने ती दोन घरे होतात.

या गोंधळात आम्हांला आधार होता तो पिनकोडचा. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे पंडित टपाल खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांनी आखलेली सहा आकड्यांची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून देशभर लागू झाली. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल वर्गीकरणाच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. सदाशिव पेठ ४११०३०, सिटी पोस्ट ४११००२, डेक्कन जिमखाना ४११००४, कर्वेनगर ४११०५२ हे माझ्या तोंडात पाढ्यांसारखे बसले होते. योजना टाकायच्या दिवशी गठ्ठे पिनकोडप्रमाणे बांधून सिटी पोस्टात नेले, की तिथल्या माणसांचेही काम हलके होई आणि आपले टपाल आधी सुटे. पिनकोडची खरी किंमत मात्र मला निवृत्तीनंतर कळली. औरंगाबाद आणि उस्मानाबाद यांची नावे २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली, पाठोपाठ अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. त्या काळात माझ्या जागी आलेल्या मुलाचा घाबरून फोन आला की यादीत शेकडो नोंदींत नवे गाव-नाव दिसत आहे आणि जुनी माणसे दुप्पट झाली आहेत. मी त्याला म्हटले, गावाचे नाव बघू नकोस, पिनकोड बघ; ४३१००१, ४१३५०१, ४१४००१ जिथल्या तिथेच आहेत. पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली, तेव्हाही ‘मु. पो. अमुक, ता. हवेली’ असे लिहिणारा वाचक हळूहळू नुसते ‘पुणे’ लिहू लागला. घर तेच, अंगण तेच, आणि यादीत दोन कार्डे.

संगणक आमच्याकडे १९९५ च्या सुमारास आला. पुण्यातच स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने ‘जिस्ट’ नावाचे कार्ड काढले होते; ते यंत्रात बसवले की काळ्या पडद्यावर मराठी अक्षरे उमटत. त्याचे अप्रूप मला आजही आठवते. कपाटातली कार्डे टंकून घ्यायला दीड वर्ष लागले आणि त्या दीड वर्षात यादी सर्वांत शुद्ध झाली, कारण प्रत्येक कार्ड हातात घेऊन पाहावे लागले. संकट आले ते पुढे, फॉन्टवर आधारित एका प्रणालीतून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरसंकेतात, जाताना. त्या जुन्या साठवणीत रफार अक्षरानंतर ठेवलेला असे आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला हे नीट उलगडता आले नाही, की कुलकर्ण्यांचे ‘कुलकणीर्’ होत. एका सकाळी यादी उघडली तर साडेसहाशे कुलकणीर् माझ्याकडे पाहत होते. कर्वे, मराठे, दीक्षित यांचीही वेगवेगळी दशा झाली होती. पुण्यातल्या यादीत कुलकर्णी चुकणे म्हणजे पंढरपूरच्या यादीत विठ्ठल चुकण्यासारखे आहे. तीन महिने मी दुसरे काही केले नाही.

नावांचा विषय निघालाच आहे तर थोडे थांबते, कारण यादीच्या कामातला सर्वांत बारीक भाग हाच आहे. एकाच माणसाची दोन कार्डे झाली, तर एक टपाल वाया जाते आणि वाचकाला वाटते की या लोकांचे आपल्याकडे लक्ष नाही. म्हणून दुबार नावे शोधायची. सारख्या उच्चारांची आडनावे हुडकण्यासाठी ‘साउंडेक्स’ नावाची एक अमेरिकी युक्ती आहे. तिची पेटंटे १९१८ आणि १९२२ ची आहेत, म्हणजे संगणकाच्याही कितीतरी आधीची. आडनावाचे पहिले इंग्रजी अक्षर ठेवायचे आणि पुढच्या व्यंजनांना उच्चारगटाप्रमाणे आकडे द्यायचे. आमच्या एका उत्साही संगणक सल्लागाराने ती आमच्या यादीला लावली. निकाल असा लागला की जोशी आणि जोग एक झाले, कारण दोघांनाही ‘जे दोनशे’ हाच सांकेतिक क्रमांक मिळतो. आणि इंग्रजीत एकदा ‘व्ही’ने व एकदा ‘डब्ल्यू’ने लिहिलेले एकच वाघ मात्र कायमचे वेगळे झाले. जोशी आणि जोग एकच आहेत असे सदाशिव पेठेत मोठ्याने म्हणून पाहावे.

तरीही दुबार नाव राहून जाणे ही लहान चूक आहे. दोन वेगळी माणसे एक समजून एकाला खोडणे ही मोठी चूक आहे, आणि ती माझ्या हातून झाली आहे. एरंडवण्यात दोघे भाऊ एकाच घरात राहत. वडील एक, आडनाव एक, आणि दोघांचीही नावे ‘अ’वरून. कार्डांवर फक्त आद्याक्षरे होती. मी एक कार्ड काढून टाकले. थोरल्यांचे मासिक बंद झाले आणि ते पाच महिने धाकट्याला काही बोलले नाहीत, कारण त्यांना वाटले की आपली वर्गणी धाकट्याने स्वतःच्या नावावर फिरवून घेतली. हे मला धाकट्या भावाच्या पत्नीने फोनवर सांगितले, हसत हसत, पण मला काही हसू आले नाही. फेलेगी आणि सन्टर या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये नोंदींची जुळणी कशी करावी याचे गणित मांडले, त्यात त्यांनी जोड्यांचे तीन गट केले आहेत: जुळणाऱ्या, न जुळणाऱ्या आणि संशयित. संशयित जोड्या माणसाने डोळ्यांनी पाहून ठरवायच्या. ते वाचले तेव्हा मला बरे वाटले, कारण गणिताच्या त्या मधल्या कप्प्यातली कारकून मीच होते. त्या प्रकरणानंतर आम्ही आद्याक्षरांवर समाधान मानणे बंद केले आणि संशयित जोडीला जोडकार्ड पाठवू लागलो. उत्तराचा भाग तोडून वाचकाने टपालात टाकायचा, पैसे आधीच भरलेले.

नावाच्या आधी येणाऱ्या अक्षरांनी तर मला याहून जास्त छळले. श्री., सौ., कु., डॉ., आणि कुठे कुठे गं. भा. देखील. आजीव वर्गणीदार हा आमच्या मासिकाचा मोठा आधार होता. एकरकमी पैसे भरायचे आणि आयुष्यभर अंक घ्यायचा. त्या आयुष्याची मर्यादा संपल्याचे आम्हांला कोण कळवणार, हा विचार योजना आखणाऱ्याने केलेला नव्हता. एकदा एका बाईंना ‘सौ.’ लावून दिवाळीचे शुभेच्छापत्र गेले. त्यांनी ते परत पाठवले. ‘सौ.’वर एक सरळ रेघ होती आणि खाली बारीक, सुबक अक्षरांत लिहिले होते: ‘माझे यजमान आपल्या यादीत अद्याप हयात आहेत हे वाचून समाधान वाटले. त्यांना तसे कळवण्याची सोय माझ्याकडे नाही.’ मालकांनी ते पत्र दोनदा वाचले, मला दिले आणि संध्याकाळी स्वतः त्या बाईंच्या घरी गेले. दुसऱ्या दिवशीपासून आम्ही सगळ्यांच्याच नावांपुढची अक्षरे काढून टाकली. त्यावर पंधरा दिवसांत, आपले ‘सौ.’ कोणत्या अधिकारात काढले, अशी विचारणा करणारी चार पत्रे आली. तीही आम्ही कार्डांना टाचून ठेवली. चौघींना त्यांचे ‘सौ.’ परत दिले आणि पुढे तपासाची तारीख घातली.

परत आलेल्या टपालाचा गठ्ठा हा मला नेहमीच योजनेच्या उत्पन्नाइतका मोलाचा वाटला. पाकिटावर ‘न मिळाल्यास खालील पत्त्यावर परत पाठवावे’ असे छापलेले असे आणि पोस्टमन मागे पेनाने शेरा मारत: ‘घर सोडले’, ‘अपुरा पत्ता’, ‘मयत’, ‘घेण्यास नकार’, ‘दार बंद’. नवे लोक हा सगळा गठ्ठा एकाच रागाने खोडून टाकतात. ते चूक आहे. ‘दार बंद’ म्हणजे माणसे उन्हाळ्यात मुलाकडे अमेरिकेला गेली असतील. त्यांना दिवाळीला पुन्हा पाठवून पाहायचे. ‘अपुरा पत्ता’ ही बहुधा आपलीच चूक. ‘मयत’ असेल तर एक हस्तलिखित पत्र पाठवायचे आणि वर्गणी कोणाच्या नावे चालू ठेवायची हे विचारायचे. तेही लगेच नव्हे. आणि ‘घेण्यास नकार’ हा एकच शेरा असा की ज्यात माणूस स्वतः बोललेला असतो. पुढे ई-मेलचे दिवस आले, तेव्हा मला हेच सगळे नव्या आकड्यांत भेटले. समोरच्या सर्व्हरकडून चाराने सुरू होणारे उत्तर आले की अडथळा तात्पुरता, पाचाने सुरू होणारे आले की कायमचा. दार बंद आणि घर सोडले. नव्या मुलाला मी असेच शिकवले आणि त्याला ते पटकन समजले.

नकाराची गोष्ट मात्र वेगळी सांगायला हवी. एक निवृत्त शिक्षक एकदा कार्यालयात आले आणि म्हणाले, “माझं नाव कमी करा. डोळ्यांनी दिसत नाही, आलेलं वाचवत नाही, वाईट वाटतं.” मी त्यांच्यासमोरच कार्ड फाडले. आपण किती तत्पर आहोत असे मला वाटले. सहा महिन्यांनी एका पुस्तक प्रदर्शनातल्या सोडतीच्या कुपनांवरून नवी नावे घातली गेली. त्यांच्या नातवाने आजोबांच्या नावाने कुपन भरले होते. त्यांना पत्रक गेले. ते पुन्हा आले, पाकीट टेबलावर ठेवले आणि काही न बोलता गेले. चूक कुठे झाली हे समजायला मला दोन दिवस लागले. मी कार्ड फाडले, त्यामुळे ‘यांना पाठवायचे नाही’ ही गोष्ट लक्षात ठेवणारे संस्थेत काहीच उरले नव्हते. ज्याला विसरायला सांगितले त्यालाच लक्षात ठेवावे लागते, असा हा विचित्र हिशेब आहे. तेव्हापासून कपाटातला सर्वांत खालचा खण लाल कडेच्या कार्डांचा झाला. त्यावर नाव, पिनकोड आणि ‘पाठवू नये’ एवढेच. बाकी काही नाही. कुठलीही नवी नावे आली की आधी त्या खणाशी ताडायची. सोडतीच्या कुपनांवर, खरे तर, एवढा भरवसा ठेवायलाच नको होता. एका कुपनावर पत्ता ‘वैकुंठ’ एवढाच होता आणि दूरध्वनी क्रमांकात दहाही नऊ.

आता त्या न जन्मलेल्या बाईंविषयी. दुसऱ्याला यादी एकदाच वापरायला देण्याची पद्धत आमच्या व्यवसायात पूर्वीपासून होती आणि ती दिली की यादीत एखादे खोटे नाव पेरून ठेवायचे, म्हणजे कोणी ती ठरल्याबाहेर वापरली तर त्या नावाने टपाल येऊन चोरी कळते. २००३ मध्ये मालकांनी एका ओळखीच्या गृहस्थांना एका कार्यक्रमापुरती यादी दिली, तेव्हा मी आमच्या घरच्या पत्त्यावर आमचेच आडनाव आणि एक बनावट नाव लावून एक बाई यादीत बसवल्या. नऊ महिन्यांनी त्या बाईंना मुळशीकडच्या बिनशेती प्लॉटचे पत्रक आले. पाठोपाठ पैठण्या, पाणी शुद्ध करण्याची यंत्रे, अष्टविनायक यात्रा. मालकांनी त्या गृहस्थांशी बोलणे सोडले आणि पुन्हा यादी कोणालाही दिली नाही. पण गेलेली यादी परत आणता येत नाही. रखवालदाराच्या गोणीतून त्या बाईंना या वेळी ज्येष्ठांच्या निवासी संकुलाचे माहितीपत्रक आले आहे. म्हणजे वीस-बावीस वर्षांत कोणीतरी त्यांचे वयही मोजत आले आहे. आमच्या वाचकांनी पुस्तकांसाठी विश्वासाने दिलेले पत्तेही त्याच यादीतून कुठे कुठे गेले असतील, याचा विचार मी आजही शक्यतो करत नाही.

वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही अधिसूचित झाले. ज्या कामासाठी संमती घेतली त्याच कामासाठी माहिती वापरावी, चुकीची असेल तर दुरुस्त करून द्यावी, संमती देणे जितके सोपे तितकेच ती काढून घेणेही सोपे असावे, असे तो म्हणतो. लाल कडेचा खण या कायद्यात कसा बसवायचा, हे संस्थेतल्या मुलाने मला विचारले. मी त्याला सांगितले की नकार पाळण्यापुरते जे लागते तेवढेच ठेव, जन्मतारीख आणि आवडीचे विषय पुसून टाक. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला पाच हजारांवर संदेश पाठवणाऱ्यांना एका टिचकीत नाव कमी करण्याची सोय सक्तीची केली. तक्रारींचे प्रमाणही ०.३ टक्क्याच्या खाली ठेवावे लागते. कायद्याचे नियम येण्याआधीच अनेकांनी याद्या साफ केल्या, त्या या धाकाने.

मोबाईल क्रमांकांचे तर मला आजही भय वाटते. घर सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर पाठवलेले पुस्तक फार तर नव्या भाडेकरूच्या हाती पडते. बंद झालेला मोबाईल क्रमांक मात्र नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो आणि जुन्या मालकाच्या नावाने येणारे सगळे त्याच्या खिशात वाजू लागते. ज्या माणसाने कधी मासिक घेतले नाही, त्याने ते नको म्हणायला कोणाला फोन करायचा? नको असलेले व्यापारी फोन आणि संदेश थांबवण्यासाठी १९०९ हा क्रमांक आहे. मराठीतला पहिला दिवाळी अंकही १९०९ सालचाच; हा निव्वळ योगायोग आहे, पण दिवाळी अंकाची योजना टाकणाऱ्या कोणालाही तो आठवणीत ठेवायला सोपा जाईल.

टेबलावरचे उरलेले पाकीट आमच्याच संस्थेचे होते. यंदाच्या योजनेचे पत्रक. नाव शुद्ध, पिनकोड शुद्ध, पुढे ‘श्रीमती’ वगैरे काही नाही. फक्त पत्ता त्या खड्ड्याचा. सव्वादोन वर्षांत मी बँकेला कळवले, गॅसला कळवले, नातेवाइकांना कळवले, आणि ज्या यादीत तीस वर्षे इतरांच्या तारखा बदलल्या त्या यादीला कळवायचे राहून गेले. मी फोन लावला. मुलाने वर्गणीदार क्रमांक विचारला. तो मला पाठच होता.

“ताई, जुना पत्ता काढून टाकू का?”

“नको. तिथेच परत जायचं आहे.”

“मग हा तात्पुरता घालावा लागेल. पण आपल्याकडे तात्पुरत्या पत्त्याचा रकानाच नाही.”

नव्हताच. रकाने मी ठरवले होते. पुण्यातली निम्मी पेठ भाड्याच्या घरांत राहायला गेली असताना एकाच पत्त्याचा रकाना मी पंचवीस वर्षे पुरेसा मानला होता. त्याने नवा रकाना करायचे कबूल केले आणि विचारले, “कधीपर्यंत आहात तिथे?”

करारात छत्तीस महिने लिहिले आहेत. सत्तावीस झाले आणि अजून जोत्याचाही पत्ता नाही. “पुढच्या दिवाळीपर्यंत धर,” मी म्हणाले. “आणि दिवाळीआधी एक फोन कर मला.”

“बरं. ‘तपासले’मध्ये आजची तारीख टाकतो.”

“टाक,” म्हणाले, आणि त्या न जन्मलेल्या बाईंचे पाकीट उलटे करून मागच्या बाजूला ‘घर सोडले’ असा शेरा लिहिला. पोस्टात टाकायला उद्या यजमान सिटी पोस्टाकडे जाणारच आहेत.